कच्चा विद्यार्थी की कठीण विषय?

प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत दरवर्षी दोन याद्या तयार होतात : एक ‘स्लो लर्नर’ची, दुसरी ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ची. विद्यार्थ्यांची पातळी कशी ठरवता आणि दोन्ही गटांसाठी वेगळं काय करता, असं नॅकच्या मूल्यांकनात विचारलेलं असतं. म्हणून याद्या होतात, जादा तासांच्या नोंदी होतात, हजेरीवर सह्या होतात आणि फाइल पूर्ण होते. पहिल्या यादीत नाव लागलेला मुलगा मात्र त्या जादा तासाला सहसा फिरकत नाही. का फिरकावं त्यानं? तिथं जाऊन बसणं म्हणजे आपण कच्चे आहोत हे चारचौघांत कबूल करणं.

मदत ठेवायची आणि ज्याला ती हवी त्यानंच पाठ फिरवायची, हा अनुभव जगातल्या अनेक विद्यापीठांच्या गाठीशी आहे. त्यावर डोकं खाजवता खाजवता १९७०च्या दशकात काही शिक्षकांनी प्रश्नच उलटा केला. कोणता विद्यार्थी कच्चा आहे हे शोधत बसण्यापेक्षा कोणता विषय दरवर्षी मुलांना पाडतो, हे शोधलं तर? आणि त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांसाठीच, हुशार आणि मागे पडलेले असा भेद न करता, एकत्र अभ्यासाची सोय केली तर? त्या उलट्या प्रश्नातून विद्यापीठांत एक नवा पेशा आकाराला आला. हे पुस्तक त्या पेशाचं आणि त्यात हयात घालवलेल्या शिक्षकांचं आहे.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी आखणी करून देतो. इथं दोन प्रवाह आहेत. पहिला अध्ययन-साहाय्याचा. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे तिथं शिकता येतंच असं नाही. व्याख्यानाची टिपणं कशी काढायची, चाळीस पानांचा शोधनिबंध कसा वाचायचा, स्वतःचं म्हणणं पुराव्यानिशी कसं मांडायचं, बारावीचं गणित विसरलं असेल तर संख्याशास्त्रात कसं टिकायचं, हे कुणीतरी दाखवावं लागतं. दुसरा प्रवाह सहाध्ययनाचा : विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून, पण ठरवून आखलेल्या रीतीनं शिकणं. परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीची वही झेरॉक्स करून आणणं म्हणजे सहाध्ययन नव्हे. हुशार मुलानं मागे पडलेल्याची शिकवणी घेणं हाही त्याचा फक्त एक प्रकार. हे दोन प्रवाह बराच काळ वेगवेगळे वाहत होते. ते एकत्र कसे आले, ही या विषयाची मुख्य कथा.

मुलांनी मुलांना शिकवणं आपल्याला मुळीच नवं नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावत. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर इथल्या लष्करी अनाथाश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आला. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली. आपल्या शाळेतही तेच करायचं त्यानं ठरवलं. शिक्षक तयार होईनात, तेव्हा एका लहान मुलालाच त्यानं त्या वर्गावर नेमलं. १७९७ मध्ये त्यानं या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. पाठोपाठ लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनं तशीच पद्धत उभी केली आणि एकच मास्तर, हाताखाली मुलांमधले मॉनिटर, समोर शेकडो पोरं, असा कारखाना सुरू झाला. मद्रासहून विलायतेला गेलेली ही कल्पना पुढे मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांमध्ये विलायती शिक्का घेऊन परत आली. तिचा खरा गुण मात्र स्वस्ताई हाच होता. मॉनिटरनं स्वतः विचार करणं अपेक्षित नव्हतं. मास्तरनं दिलेलं जसंच्या तसं पुढे पोचवायचं एवढंच त्याचं काम. विद्यार्थ्यांना हाताशी धरण्याची कल्पना निघाली की ‘शिक्षक कमी करायचा डाव’ हा संशय आजही येतो. त्या संशयाचं मूळ इथं आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही.

अध्ययन-साहाय्याची वाट वेगळी. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठानं १८४९ मध्येच पूर्वतयारीचा विभाग काढला होता, कारण आलेली मुलं विद्यापीठाच्या अभ्यासाला तयार नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं शिकायची संधी मिळाली आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. १९४६ मध्ये ओहायोच्या फ्रान्सिस रॉबिन्सननं क्रमिक पुस्तक वाचण्याची पाच पायऱ्यांची रीत मांडली : आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, आठवून सांगा, उजळणी करा. ‘अभ्यास कसा करावा’ या विषयावरच्या असंख्य पुस्तिका या एका रीतीवर पोसल्या गेल्या आहेत. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या शालान्त उत्तीर्ण मुलांना सरसकट दारं उघडली. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं एकदम वर्गात आली. मीना शॉनेसी यांनी या मुलांच्या हजारो उत्तरपत्रिका वाचून दाखवून दिलं की त्यांच्या चुका बेशिस्त नाहीत, चुकांनाही तर्क आहे. १९७७ चं त्यांचं पुस्तक आजही या क्षेत्रात वाचलं जातं. ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी यांना आणखी एक गोष्ट दिसली. प्राध्यापकांनी ठेवलेली मदत मुलं नाकारत होती, कारण ती त्यांना वर्गाचंच शेपूट वाटत होती. तीच मदत दुसऱ्या विद्यार्थ्याकडून मिळते म्हटल्यावर मुलं यायला लागली. दोन प्रवाहांचा संगम सुरू झाला तो असा.

तो पक्का झाला मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. तिथल्या विद्यापीठात वैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राला आलेले अल्पसंख्याक समाजातले विद्यार्थी मोठ्या प्रमाणात गळत होते. डिएना मार्टिन यांच्यावर यातून मार्ग काढण्याचं काम आलं. हाताशी अनुदान होतं ७ हजार डॉलरचं. एकेकाची शिकवणी घेणं एवढ्या पैशांत शक्यच नव्हतं. १९७३ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाच्या मानवी शरीररचनेच्या पेपरापासून सुरुवात केली. निकष साधा ठेवला : ज्या पेपरात जवळपास तिसरा हिस्सा मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा पेपरच सोडून देतात, तो पेपर ‘जोखमीचा’. जोखीम पेपराची, विद्यार्थ्याची नव्हे. त्या पेपराला बसलेल्या कुणालाही यायला मुभा, सक्ती कुणालाच नाही. ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाच्या या पद्धतीला १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यता मिळाली आणि ती देशोदेशी गेली.

या पद्धतीत प्रत्यक्ष काय होतं, ते जवळून पाहायला हवं, कारण वाचताना ते फार सोपं वाटतं. सत्र घेणारा लीडर म्हणजे एक-दोन वर्षांपूर्वी तोच पेपर चांगल्या गुणांनी पास झालेला सीनियर. मूळ अमेरिकी पद्धतीत तो सगळी व्याख्यानं पुन्हा ऐकतो, टिपणं काढतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तासाभराचं सत्र घेतो. समजा, सत्र रसायनशास्त्राचं आहे. एक मुलगी विचारते, “बफरमध्ये आम्ल टाकलं तरी पीएच फारसा बदलत का नाही?” लीडरला उत्तर येतं. ते तो सांगत नाही. “त्या दिवशीच्या टिपणात काय आहे?” असं विचारतो. कुणीतरी समीकरण वाचून दाखवतं. “यात टाकलेलं आम्ल कुठं गेलं?” शांतता. नवखा लीडर इथंच घसरतो. ती शांतता त्याला सोसवत नाही आणि तो बोलून जातो. मुरलेला लीडर मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. सातव्या-आठव्याला मागून कुणीतरी अर्धवट, चुकीचं, पण स्वतःचं काहीतरी बोलतं. लीडर मार्कर त्याच्या हातात देतो : “फळ्यावर ये, दाखव.” बाकीचे ते दुरुस्त करायला लागतात आणि खोलीत आवाज वाढतो. तासाअखेरीस उत्तर फळ्यावर असतं, आणि ते लीडरच्या अक्षरात नसतं.

येत असलेलं उत्तर न सांगणं, हे या क्षेत्रातलं सर्वांत अवघड कौशल्य. लीडरना ते शिकवणं, सत्रात मागे बसून त्यांचं निरीक्षण करणं, नंतर त्यांच्याशी बोलणं, प्राध्यापकांची मनं वळवणं, निकालांचा हिशेब ठेवणं हे काम करणारा शिक्षक स्वतः वर्गात जवळजवळ दिसतच नाही. त्याची कारकीर्द दुसऱ्यांच्या बोलण्यात जिरून जाते.

१९७०च्याच दशकात बर्कलीला उरी ट्रिझमन यांनी केलेलं निरीक्षण या विषयाचा दुसरा खांब ठरलं. कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत आणि चिनी वंशाचे पुढे जात, असं दिसत होतं. प्रेरणा कमी, पूर्वतयारी कमी, घरचा पाठिंबा कमी, अशी ठरावीक कारणं प्राध्यापक सांगत. ट्रिझमन दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडून प्रत्यक्ष त्यांच्यात मिसळले. ही कारणं टिकली नाहीत. फरक वेगळाच निघाला. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं सोडवत आणि मग एकत्र जेवताखाता उत्तरं ताडून पाहत. एकच गणित कुणालाच सुटलं नाही तर ते खरोखर कठीण आहे, हे त्यांना कळे. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानेइतबारे, पण एकटी बसून भरत. आपण अडलो म्हणजे आपल्यालाच येत नाही, असं त्यांना वाटे. ट्रिझमन यांनी उपचारात्मक वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा कठीण गणितं असलेली कार्यशाळा काढली, प्रतिष्ठेची, आणि तिथं गटानं काम करायला लावलं. ज्या मुलांना बुडणारी म्हणून बाजूला काढलं होतं, ती चांगले गुण मिळवू लागली.

पुढची घडामोड झपाट्यानं सांगता येते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये भर व्याख्यानात प्रश्न विचारून, शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून पुन्हा उत्तर घेण्याची पद्धत सुरू केली. नुकतंच समजलेल्या विद्यार्थ्याला अडचण नेमकी कुठं येते हे ताजं आठवत असतं, म्हणून तो कधी कधी प्राध्यापकापेक्षा चांगलं समजावतो, असा त्यांचा दावा. ब्रिटनमध्ये सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन किंग्स्टनमार्गे पोचलं. मँचेस्टरला १९९५ मध्ये रसायनशास्त्रात त्याचं ‘पास’ (पीअर असिस्टेड स्टडी सेशन्स) हे रूप सुरू झालं. तिथं लीडर जोडीनं काम करतात आणि विद्यार्थ्यांच्या पुढाकाराला जास्त वाव असतो. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग, न्यूझीलंडमध्ये ओटागो, स्वीडनमध्ये लुंड ही या कामाची केंद्रं झाली.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये या कामाला पूर्णवेळ पेशाचं रूप आलं. तिथल्या विद्यापीठांत ‘लर्निंग ॲडव्हायझर’ ही जागा असते. मास्टर्ससाठी मेलबर्नला किंवा सिडनीला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या असाइनमेंटवर ‘विश्लेषण कमी, वर्णन जास्त’ असा शेरा मिळतो आणि मग त्यांची पावलं बहुधा याच माणसाकडे वळतात. पण हा माणूस प्राध्यापक की कर्मचारी, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद आहेत. पद कधी अध्यापक वर्गात, कधी प्रशासकीय वर्गात. काटकसर आली की पहिली कात्री इथं. सीलिया व्हिचर्च यांनी विद्यापीठातल्या अशा मधल्या जागेला ‘तिसरा अवकाश’ म्हटलं आहे. या क्षेत्रातल्या कारकिर्दी समजून घ्यायच्या तर ही अधांतरी अवस्था ध्यानात ठेवावी लागते.

आता विचारांच्या शाळा. सहाध्ययनाला आधार देणारे दोन मोठे मानसशास्त्रज्ञ एकमेकांहून वेगळं सांगतात. पियाजे यांच्या मते बरोबरीच्यांशी मतभेद झाला की विचार हलतो. मोठ्यासमोर मूल मान डोलावतं, बरोबरीच्याशी वाद घालतं. वायगॉट्स्की यांच्या मते आपल्याहून थोडं पुढे असलेल्याच्या आधारानं आपण एकट्यानं जमलं नसतं तिथवर पोचतो. पहिलं मानलं तर गट समान पातळीचा हवा, दुसरं मानलं तर सीनियर हवा. आजच्या बहुतेक पद्धती दोघांना एका खोलीत बसवतात. ब्रफी आणखी पुढे गेले : ज्ञान म्हणजेच एका समुदायाचं संभाषण, आणि शिकणं म्हणजे त्या संभाषणात बोलता येणं. अध्ययन-साहाय्यातही असेच तीन पंथ आहेत, आणि १९९८ मध्ये मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी ते नेमके मांडले. पहिला म्हणतो, कौशल्य कमी आहे, ते शिकवा. दुसरा म्हणतो, विद्यापीठाची रीत नवी आहे, तिची ओळख करून द्या. तिसरा विचारतो, ही रीत कुणी ठरवली, तिच्यात कुणाची भाषा आणि कुणाचा अनुभव बसत नाही? आपल्या ‘रेमेडियल कोचिंग’चा मुक्काम अजून पहिल्या पंथातच आहे.

याचा उपयोग होतो का? फिलिप डॉसन आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१० या काळातल्या सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शनवरच्या संशोधनाचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सत्रांना येणाऱ्यांचे सरासरी गुण जास्त आणि नापास होण्याचं व गळण्याचं प्रमाण कमी, असं त्यात एकंदर दिसतं. पण खाचही तिथंच आहे. सत्र ऐच्छिक, म्हणजे मुळात तळमळीची मुलं जास्त येणार आणि यशाचं श्रेय सत्राला मिळणार. शिवाय सत्र कसं चाललं हे तपासल्याशिवाय नुसत्या हजेरीला अर्थ नाही. जिथं लीडर दुसरा मास्तर होऊन फळ्यावर उत्तरं लिहितो, तिथं जादा तासच चाललेला असतो, नाव फक्त नवं. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, पण तिची भलामण करताना हे दोन आक्षेप झाकून चालणार नाही.

आपल्याकडचा हिशेब वेगळ्या खात्यांत मांडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत, एकत्र अभ्यास करत. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीची मुलं आजही चहाच्या टपरीवर चालू घडामोडींची उजळणी एकमेकांकडून करून घेतात. ते कुठल्याही धोरणात लिहिलेलं नाही. पण आपोआप जमणारे गट आपलीच माणसं आत घेतात, हे विसरता येत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, सीनियरच्या नोट्स, कोणता परीक्षक काय पाहतो ही माहिती ओळखीच्या वर्तुळात फिरते. सुखदेव थोरात यांच्या समितीनं २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल दिलेल्या अहवालात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि सहाध्यायांमध्येही एकटं पाडलं जात असल्याचं नोंदवलं आहे. बर्कलीच्या मुलांचं एकटेपण आणि हे एकटेपण यांची कारणं वेगळी आहेत, परिणाम सारखाच आहे. ‘मुलं आपापसात करतील की अभ्यास’ या भरवशावर सोडलं तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच बाहेर राहतात. सहाध्ययन आखावं लागतं, ते याच कारणासाठी.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा? पहिलं कारण संख्येचं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. पटनोंदणीचं ढोबळ प्रमाण २८.४ टक्के होतं. ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं उद्दिष्ट आहे. हेच धोरण शालेय पातळीवर मुलांनी मुलांना शिकवण्याची शिफारस करतं. विद्यापीठाच्या पातळीवर तेवढ्या स्पष्टपणे बोलत नाही. दारं उघडणं आणि आत आलेल्याला टिकवणं ही दोन कामं आहेत, आणि आपण पहिल्यालाच दुसरं समजत आलो आहोत. दुसरं कारण नवं आहे. चॅटजीपीटीसारखी साधनं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि बफरचा प्रश्न विचारला तर क्षणात नीटनेटकं उत्तर देतात. उत्तर मिळण्याची टंचाई संपली. अडून राहण्याची, चुकीचं बोलून पाहण्याची, दुसऱ्यानं ते खोडून काढल्यावर पुन्हा उभं राहण्याची संधी मात्र दुर्मीळ होत चालली आहे. पन्नास वर्षांपूर्वी पैशांच्या तुटवड्यातून निघालेली उत्तर न सांगण्याची रीत आज वेगळ्याच कारणानं मोलाची झाली आहे.

हे पुस्तक पद्धतींची पाठ्यपुस्तकी जंत्री नाही. मार्टिन, ट्रिझमन, ब्रफी, शॉनेसी आणि त्यांच्या मागून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आलेले शिक्षक कोणत्या अडचणीत कोणता निर्णय घेत गेले, कुठं हरले, संस्थेतल्या कुणाचा विरोध कसा पचवला, या वाटेनं विषय उलगडावा असा प्रयत्न आहे. पद्धत उचलून आणता येते. ती इथल्या मातीत का रुजते किंवा का मरते, हे कारकिर्दींमधूनच कळतं. म्हणून अपयशी ठरलेल्या प्रयोगांनाही इथं जागा दिली आहे. भाषेचा प्रश्न, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यानं इंग्रजी व्याख्यानावर मराठीत चर्चा करणं, हा अनेक प्रकरणांतून पुन्हा पुन्हा येतो. त्यावर मी एकच एक उत्तर दिलेलं नाही, कारण अनुभव वेगवेगळे आहेत. शालेय शिक्षण आणि दूरशिक्षण हे दोन्ही विषय मोठे असल्यानं बाहेर ठेवले आहेत.

पुस्तक मुख्यतः महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी आहे. प्राचार्यांनी वाचलं तर अधिक बरं, कारण लीडर मुलांना मानधन आणि वेळापत्रकात एक मोकळा तास हे त्यांच्याच हातात असतं. ज्यांना वाचून काही करून पाहावंसं वाटेल त्यांना सुरुवातीला वेगळा निधी लागणार नाही. आपल्या विभागाची गेल्या तीन वर्षांची निकालपत्रकं काढा आणि सर्वांत जास्त केटी कोणत्या पेपरात लागतात ते पाहा. तो पेपर चांगला सुटलेली तिसऱ्या वर्षाची दोन मुलं निवडा, उत्तर न सांगण्याचा सराव त्यांच्याकडून करून घ्या, आणि सूचना वर्गातल्या सगळ्यांसाठी लावा. तिच्यावर एकाही विद्यार्थ्याचं नाव नको, फक्त पेपराचं हवं.